पेपर धुणारी बाई

रविवारचा पेपर गच्चीतल्या दोरीवर वाळत होता. एकेक पान वेगळं केलेलं, हातानं सारखं केलेलं, दोन्ही टोकांना चिमटे लावलेले. खेळांचं पान मधोमध फाटलं होतं, म्हणून त्याला दोनाऐवजी चार चिमटे होते. शेषगिरीराव जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून बघत राहिले.

अंबुजाक्षी बादली पालथी घालून पदराला हात पुसत होती.

"किती मळलेला होता हो," ती म्हणाली. "तीनदा पाणी बदललं, तरी काळंच येतंय."

शेषगिरीरावांना भीती वाटली. गेलं वर्षभर ती अशी अधूनमधून वाटतच असे. पण हल्ली त्या भीतीमागोमाग आणखी एक विचार डोकं वर काढायचा, आणि त्याची त्यांना लाज वाटायची. आताही तो आला. चला, आजची फजिती मिळाली.

"स्वच्छ निघालाय की," ते म्हणाले. "चल खाली. ऊन तापलंय. कॉफी करतो स्वल्प."

"वारा आला तर उडंल."

"नाही उडणार. चिमटे लावलेस ना तू."

ती समाधानानं हसली आणि त्यांच्या हाताला धरून जिना उतरू लागली. बेंगळुरूच्या चामराजपेटेतलं ते घर अरुंद आणि उंच होतं. खाली अगरबत्तीचं दुकान, मध्ये ही दोघं आणि वर गच्ची. जिन्यात कायम चंदनाचा वास भरून राहिलेला. अंबुजाक्षीला तो वास अजून ओळखू यायचा. रोज उतरताना ती म्हणायची, "कुणाकडे तरी पूजा आहे वाटतं."

फजिती हा बांधावरच्या मंडळींचा शब्द.

दोन वर्षांपूर्वी येलहंक्याहून आलेल्या रविकिरणनं वडिलांच्या फोनवर एक खेळ घालून दिला होता. "अण्णा, दिवसभर पुस्तकात नाक खुपसून बसता. हे बघा, जरा करमणूक." खेळाचं नाव 'शिवार'. त्यात प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा मिळतो. त्यात वांगी लावा, ज्वारी लावा, झेंडू लावा. पण आपल्या विहिरीचं पाणी आपल्या पिकाला कधीच पुरत नाही. शेजाऱ्यांनी येऊन घातलं तरच पीक उभं राहतं. म्हणून शेजारी लागतात, आणि शेजारी म्हटले की बोलणं आलं. शेषगिरीरावांच्या शेताच्या आसपास ज्यांची शेतं होती, त्यांनी फोनवर एक ग्रुप केला होता, 'बांधावरची मंडळी'. नागपूरचे सूर्यकांत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सोलापूरचा पिराजी, मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला. सांगलीची सुप्रीता, नोकरी सुटलेली आणि दुसरी शोधणारी. आणि असेच इकडचे तिकडचे काहीजण. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं.

तिथं खेळापेक्षा बाकीचंच जास्त चालायचं. कुणाच्या वांग्यांना कीड लागली, आठच्या मालिकेतल्या मंजुळेनं आज काय अकलेचे तारे तोडले, कुणाच्या कुकरची शिट्टी उडून छताला चिकटली. आणि दिवेलागणीला एक रिवाज होता. प्रत्येकानं आपली दिवसभरातली एक फजिती सांगायची. ज्याच्या फजितीवर सगळ्यांत जास्त हसू येईल, त्याच्या शेतात सगळ्यांनी आधी पाणी घालायचं. सूर्यकांत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून लग्नाला गेले, तेव्हा त्यांची ज्वारी कमरेएवढी झाली होती.

शेषगिरीराव कित्येक महिने नुसते वाचत होते. लिहायचं धाडस होत नसे. त्यांचं शिक्षण कन्नडमधून, सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजीतून, आणि मराठी म्हणजे आईच्या तोंडची, पिढ्यान्‌पिढ्या इकडंच राहून कन्नडच्या वळणाला गेलेली. पुस्तकं वाचून शिकलेली मराठी वेगळी. तोंडातली लिहिली तर गावंढळ वाटेल, पुस्तकातली लिहिली तर लोक म्हणतील, हा कोण कीर्तनकार. ते एक वाक्य लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे, आणि तोवर मंडळी भलत्याच विषयावर गेलेली असत. ग्रंथालयातही त्यांचं असंच होतं. काउंटरपलीकडून कुणी काही विचारलं की उत्तर तयार व्हायच्या आत तो माणूस निघून गेलेला असायचा.

मग एका संध्याकाळी त्यांचा चष्मा सापडेना. सगळं घर उलथंपालथं केलं. दुसऱ्या दिवशी जेवताना अंबुजाक्षीनं दह्याच्या भांड्यात डाव घातला तर खट्‌ आवाज झाला. शेषगिरीरावांनी त्या संध्याकाळी लिहिलं, आणि न खोडता पाठवून दिलं: 'आज आमच्या घरी चष्म्याचं विरजण लागलं.'

सूर्यकांतांनी लगेच विचारलं, 'मग दही घट्ट झालं का काका? नंबर कितीचा?'

पिराजीनं हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे चेहरे ओळीनं पाठवले. त्या दिवशी शेषगिरीरावांच्या झेंडूला सगळ्यांचं पाणी मिळालं. ते फोन ठेवत आणि पुन्हा उचलून बघत. आपल्या वाक्यावर लोक हसले, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती.

तेव्हा त्यांना खरोखरच वाटलं होतं, की विसरली असेल. वय झालं. पुढे साबणाच्या डबीत तूरडाळ निघाली. देवघरातली घंटा फ्रिजमध्ये सापडली. अंबुजाक्षी भाजीवाल्याला दक्षिणा देऊन त्याच्या पाया पडली. शेषगिरीराव लिहीत गेले आणि मंडळी 'अंबूकाकू' म्हणून तिच्यावर जीव टाकू लागली. मग रविकिरण तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी डोक्याचे काळे-पांढरे फोटो उजेडावर धरले आणि म्हणाले, "हे पुढेच जाणार. मागे येत नसतं. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

हे मात्र शेषगिरीरावांनी बांधावर लिहिलं नाही.

सांगायचं नव्हतं असं नाही. दोनदा लिहून खोडलं होतं. पण घरात ती आता पेशंट झाली होती. डॉक्टरांच्या लेखी ती एक फोटो होती. रविकिरणच्या लेखी ती एक टांगलेला निर्णय होती, तो दर आठवड्याला फोन करून म्हणायचा, "अण्णा, त्या देखभाल केंद्रात आईसाठी जागा फार दिवस राहत नाही हं." सगळ्या जगात एकच जागा उरली होती, जिथं अंबुजाक्षी नुसती एक वेंधळी, हौशी, मजेदार बाई होती. ती जागा त्यांना जपायची होती. बस, एवढंच जपायचं होतं.

त्या रविवारी दिवेलागणीला त्यांनी पेपर धुतल्याची फजिती लिहिली. फाटलेल्या पानाला चार चिमटे लावल्याचंही लिहिलं.

सूर्यकांत म्हणाले, 'काकूंनी बातम्या धुऊन काढल्या, फार बरं केलं. आमचेही पाठवतो, इकडचे जास्त मळलेत.'

पिराजी म्हणाला, 'इस्त्री ऱ्हायली की काका!'

सुप्रीतानं लिहिलं, 'मी बसमध्ये इतकी हसले की शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. काका, काकूंना माझी एक मिठी.'

शेषगिरीराव फोनकडे बघून हसले. समोर पलंगावर अंबुजाक्षी पाय हलवत बसली होती.

"काय हो, एकटेच हसताय?"

"अगं, एक गंमत आहे."

"मलाही सांगा की."

त्यांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि वाचून दाखवलं. बादली, पाणी, दोरी, चिमटे. अंबुजाक्षी आधी गालात हसली, मग पदर तोंडाला लावून खांदे हलेपर्यंत हसली. तिला असं हसताना त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अय्यो! कोण हो ही बाई?"

शेषगिरीरावांनी फोन मांडीवर ठेवला. "आहे एक," ते म्हणाले. "इथलीच. चामराजपेटेतली."

"पेपर धुतला? खरंच?" ती डोळे पुसत म्हणाली. "आणि नवरा? ओरडला असेल तिच्यावर."

"नाही ओरडला."

"बरा दिसतो मग."

त्या दिवसापासून संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की ती विचारायची, "आज त्या बाईनं काय केलं?" बाकी काय काय विसरायची, पण हे नाही. आणि शेषगिरीराव तिला तिचाच दिवस वाचून दाखवायचे.

सुप्रीताला बेंगळुरूत दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. नवी नोकरी मिळाली होती. तिनं ग्रुपवर आधी ती बातमी टाकली आणि लगेच खाली लिहिलं, 'शेषगिरीकाका, मी येणार. काकूंना भेटल्याशिवाय परत जाणार नाही.'

मंडळींना उधाण आलं. 'फोटो काढ', 'गच्चीतली दोरी बघून ये', 'दही खाताना जपून'. शेषगिरीरावांनी लिहिलं, की आमचं घर शहरात गर्दीच्या भागात आहे, तुम्हाला लांब पडेल. तिनं कळवलं, की मेट्रो आहे. त्यांनी लिहिलं, की त्या दिवसांत आम्ही कदाचित मुलाकडे येलहंक्याला असू. तिनं लिहिलं, 'मग येलहंक्याला येते.' यापुढे नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय तिनं रात्री स्वतंत्र निरोप पाठवला: 'काका, माझी नोकरी गेली होती ना, तेव्हा दिवसभर छताकडे बघत पडायचे. संध्याकाळी काकूंची फजिती यायची तेवढंच उठून बसायचे. मला फक्त त्यांना एकदा बघायचंय.'

ती येणार त्या सकाळी शेषगिरीरावांनी अंबुजाक्षीला तिची आवडती निळी साडी काढून दिली, मार्केटमधून मोगऱ्याचा गजरा आणला, कडबोळ्यांसारखे कोडबळे आणून बशीत मांडले. फिल्टरमध्ये कॉफी उतरत ठेवली. आणि मग अंबुजाक्षीकडे बघत बसले.

आज तिनं काहीतरी करावं, असं त्यांना वाटत होतं. हे कळल्यावर ते स्वतःवरच चिडले, पण वाटणं काही थांबेना. पाहुणीच्या वहाणा फ्रिजमध्ये ठेवाव्यात, कॉफीत हिंग टाकावा, काहीही. लहानशी, गोड, सांगण्याजोगी एखादी फजिती व्हावी, सुप्रीतानं हसून परत जावं, आणि बांधावर सांगावं की हो, अगदी तशाच आहेत काकू.

पण त्या दिवशी अंबुजाक्षीनं सकाळपासून एकही चूक केली नव्हती. ती खुर्चीत हात जुळवून बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

सुप्रीता आली ती जिन्यातूनच हाका मारत. तिशीची, सावळी, खांद्याला मोठी पिशवी. "काकू! मी सांगलीहून आले. हे भडंग. तुमच्यासाठी कमी तिखट आणलंय."

"या, या. बसा," अंबुजाक्षी म्हणाली. "कुठून आलात?"

"सांगलीहून, काकू."

"लांब आहे हो. कुणाच्या तुम्ही?"

"मी बांधावरची!" सुप्रीता हसली. "तुमची फॅन आहे मी."

"हो का. जेवून जा हं."

शेषगिरीरावांनी कॉफी आणली. सुप्रीता प्रशिक्षणाबद्दल, हॉटेलातल्या गोड सांबाराबद्दल बोलत होती. अंबुजाक्षी लक्ष देऊन ऐकत होती, योग्य जागी मान हलवत होती. मग सुप्रीता घोट घ्यायला थांबली, तशी ती पुढे झुकून मायेनं म्हणाली, "कुठून आलात?"

सुप्रीता खळखळून हसली. तिला वाटलं, काकू गंमत करतायत. "सांगलीहून, काकू!"

"लांब आहे हो. कुणाच्या तुम्ही?"

तिसऱ्यांदा सुप्रीता हसली, पण अर्धवट. चौथ्यांदा तिनं कप खाली ठेवला आणि शेषगिरीरावांकडे बघितलं. शेषगिरीराव कोडबळ्यांच्या बशीकडे बघत होते.

"घ्या ना," ते म्हणाले. "इथली चांगली असतात. मैसूरला जाणारे लोकसुद्धा इथून घेऊन जातात."

काहीतरी बोलायला हवं म्हणून सुप्रीता म्हणाली, "काकू, मला ती गच्ची बघायचीय. ती दोरी. पेपरवाली."

"पेपर?" अंबुजाक्षी म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अय्यो, तुम्हाला ठाऊक आहे ती गोष्ट? पेपर धुणारी बाई?"

सुप्रीतानं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"आहे इथं एक," अंबुजाक्षी म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून रंगात आली. "आमच्या चामराजपेटेतच राहते. एक दिवस काय केलं माहितीय? सगळा पेपर बादलीत बुडवला. पानन्‌पान चोळून धुतलं. तीन पाणी काढलं, तरी काळंच येतंय! मग वाळत घातलं दोरीवर. आणि एक पान फाटलं होतं, तर त्याला चार चिमटे!" ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "हे मला वाचून दाखवतात रोज. तिनं चष्मा दह्यात घातला होता. घंटा फ्रिजमध्ये. मी सांगते, हसून हसून मुरकुंडी वळते."

सुप्रीता हसायचा प्रयत्न करत होती. तिचे ओठ हसत होते.

"लोक हसतात तिला," अंबुजाक्षी एकाएकी गंभीर होऊन म्हणाली. "मीही हसते. पण वेडी नाही हो ती. स्वच्छतेची आवड आहे, इतकंच. आणि नवरा चांगला आहे, रागावत नाही." मग तिनं सुप्रीताचा हात हातात घेतला. "कुठून आलात तुम्ही?"

"सांगलीहून, काकू," सुप्रीता म्हणाली.

शेषगिरीराव तिला पोचवायला रस्त्यापर्यंत आले. जिन्यात ती मध्येच थांबली. चंदनाचा वास आणि खालून दुकानाच्या शटरचा आवाज.

"काका, आम्ही इतके महिने हसत होतो."

"हसायचंच की. त्यासाठीच लिहीत होतो मी."

"तुम्ही सांगायचं होतं हो."

शेषगिरीराव कठड्यावरून हात फिरवत राहिले. उत्तर त्यांना सापडत होतं, पण नेहमीप्रमाणे उशिरा. "तिथं ती बरी आहे," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या बांधावर. तिथं तरी बरी असू द्या. कुणाला सांगू नका."

सुप्रीतानं डोळे पुसले. "सरी," ती म्हणाली. दोन दिवसांत रिक्षावाल्यांकडून उचललेला, 'बरं' अशा अर्थाचा कन्नड शब्द होता तो.

आणि तिनं तो पाळलाही. ग्रुपवर सगळे विचारत होते, कशा आहेत काकू, फोटो कुठाय. तिनं लिहिलं, 'मस्त. कॉफी तर विचारू नका.' फोटो मात्र टाकला नाही. शेषगिरीरावांना तिचे आभार मानायचे होते. वाक्य जुळलं नाही.

मग त्या आठवड्यात मालिकेतल्या मंजुळेची स्मृती गेली. तिसऱ्यांदा. बांधावर नुसता धुमाकूळ. पिराजीनं लिहिलं, 'दुकानात आणा तिला, मेमरी कार्ड बदलून देतो.' आणि सूर्यकांतांनी, बिचाऱ्यांनी, अगदी प्रेमानंच लिहिलं, 'मंजुळेला काढा आणि आपल्या अंबूकाकूंना घ्या. रीटेक लागणार नाही!'

सगळे हसले. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत शेवटी शेषगिरीरावांनीही एक हसरा चेहरा लावला. लावला नसता तर कुणीतरी विचारलं असतं, काका रागावले का.

त्यांच्या त्या चेहऱ्यानंतर लगेच वरच्या बाजूला अक्षरं दिसू लागली: सुप्रीता लिहीत आहे. ती दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली, बराच वेळ तशीच राहिली. शेषगिरीराव हातातला फोन थोडा लांब धरून बघत होते. काय येणार ते त्यांना कळलं होतं. लिहून खोडणं, पुन्हा लिहिणं, हे त्यांच्याइतकं कोण ओळखणार?

निरोप आला तो लांबलचक होता. काकू खरोखरच सगळं विसरत चालल्यात, हे तिनं त्यात सांगून टाकलं होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'काकांनी हसरा चेहरा लावला ते मला बघवलं नाही. मला माफ करा.'

मग सूर्यकांत आले. 'काका, मी नालायक माणूस आहे. चपलेनं मारा मला.' पिराजीनं त्याच्या आजीला लागू पडलेल्या एका वैद्याचा पत्ता दिला. कुणी ब्राह्मी सांगितली, कुणी भिजवलेले बदाम, कुणी कोड्यांचं पुस्तक. हात जोडलेली चित्रं, पिवळे दिवे. सगळ्यांचं मन मोठं होतं, एकाचंही खोटं नव्हतं. शेषगिरीराव प्रत्येकाला 'आभारी आहे' लिहीत राहिले.

पण पुढचं त्यांना अपेक्षित नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंबुजाक्षीनं "आज त्या बाईनं काय केलं?" विचारलं. त्या दिवशी तिनं काहीच केलं नव्हतं, म्हणून ते जुन्या फजित्या काढायला ग्रुपवर मागे मागे गेले. चष्म्याच्या विरजणाखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग असायची. ती नव्हती. तिथं लाल बदाम होते आणि जोडलेले हात. ते बघत असताना घंटेच्या फजितीखालचा सूर्यकांतांचा हसरा चेहरा त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. कुणीतरी नागपुरात बसून, ओशाळून, आपलं जुनं हसू एकेक करून परत घेत होतं.

"सांगा ना," अंबुजाक्षी म्हणाली.

त्यांनी वाचून दाखवलं.

दिवेलागणीच्या फजित्या बंद पडल्या. कुकर करपवल्याचं, पाकीट विसरल्याचं आता शेषगिरीरावांसमोर कोण सांगणार? विसरणं हा विषयच बांधावरून उठला. सकाळी फुलांची चित्रं यायची, सणाच्या शुभेच्छा यायच्या. एकदा पिराजीनं काहीतरी टाकलं. शेषगिरीरावांनी ओझरतं वाचलं, सूर्यकांत अंघोळीच्या टॉवेलवर दाराबाहेर अडकले होते आणि तशाच अवस्थेत वाणसामान घेऊन आले होते. ते हसणार, तोच तो निरोप काढून टाकला गेला. मग त्यांच्या लक्षात आलं. बांध दुसरीकडे कुठंतरी होता. तिथं मंडळी अजून हसत होती. इथं चुकून आलं होतं ते.

त्यांनी त्या संध्याकाळी एक फजिती रचून लिहिली. स्वतःचीच. देवाला नैवेद्य म्हणून चुकून अंबुजाक्षीच्या गोळ्या ठेवल्या आणि गोळ्यांऐवजी तिला गूळखोबरं दिलं, आणि तिला त्यानंच जास्त बरं वाटलं. बरी जमली होती. एकदाही न खोडता पाठवली.

'काका, तुम्ही स्वतःचीही काळजी घ्या हं,' सूर्यकांतांनी लिहिलं. खाली जोडलेले हात.

सुप्रीताचा वेगळा निरोप आला: 'काका, माझ्यावर रागावलात का?'

'तुमचं काही चुकलं नाही,' त्यांनी लिहिलं. तुसडं वाटलं म्हणून खोडलं. 'चुकलं नाही हो तुमचं,' असं केलं. मग तेही बरं वाटेना. शेवटी पहिलंच पाठवलं.

आणि पाणी. फजिती नाही, हसू नाही, पण पाणी मात्र रोज सगळ्यांचं आधी त्यांच्याच शेताला. सकाळी घालत, दुपारी घालत, स्वतःच्या पिकाचं तोंड सुकेपर्यंत शेषगिरीकाकांना घालत. दुसरं काय करणार होती ती माणसं? 'शिवार'मध्ये पाणी जास्त झालं की पीक पिवळं पडतं. झेंडूची पानं आधी टोकाला पिवळी झाली, मग देठापर्यंत. खेळात एक सोय होती, बांधाचं फाटक लावून घ्यायची. मग बाहेरचं पाणी आत येत नाही. त्या संध्याकाळी शेषगिरीरावांनी बोट त्या फाटकावर नेलं. पण फाटक लावलं की सगळ्यांना तसं दिसतं. लोकांना वाटलं असतं, काकांना आपलं येणं नको झालं. त्यांनी बोट मागे घेतलं.

अंबुजाक्षी पलंगावर होती. हल्ली ती उठून कुठं जात नसे, काही उचलत नसे, काही भलतीकडे ठेवत नसे. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती. त्या बाईनं आज काय केलं, हेही तिनं बरेच दिवस विचारलं नव्हतं. तरी शेषगिरीरावांनी दिवा लावला, शेजारी खुर्ची घेतली आणि पेपर धुतल्याची गोष्ट काढून वाचली. बादलीपर्यंत आले. तीन पाण्यांपर्यंत आले. चार चिमट्यांवर नेहमीसारखे थोडे थांबले.

ती छताकडे बघत होती.

"मग?" बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

"मग काही नाही. एवढंच."

"तिला कुणी आहे का?"

"नवरा आहे."

"हं," ती म्हणाली.

हातातल्या फोनवर कुणीतरी शेतात येऊन पाणी घातलं. खेळात पाण्याचा आवाज असतो. पानांवर थेंब पडल्यासारखा, बारीक, खराखुरा. मागोमाग दुसरं कुणी आलं. मग तिसरं.

अंबुजाक्षीनं मान वळवली. कान देऊन ऐकलं.

"पाऊस आला वाटतं," ती म्हणाली. "अहो, दोरीवरचं काढून आणा. भिजंल सगळं."

"आणतो," शेषगिरीराव म्हणाले.

त्यांनी फोन पालथा ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकत जिना चढून वर गेले. आभाळ कोरडं होतं, अजून थोडा उजेड होता. दोरीवर नुसते चिमटे होते. सगळं काढायला वेळ लागला असं तिला वाटावं, इतका वेळ ते तिथं उभे राहिले. मग दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात चिमटे एकेक करून काढून ओंजळीत घेतले आणि खाली आले.

"काढलं?" तिनं विचारलं.

"काढलं. काही भिजलं नाही."